तेराची रेघ

त्या यंत्राचं कागदावरचं नाव दीड ओळीचं होतं. ते पूर्ण म्हणेपर्यंत एखाद्या पेशंटला धाप लागली असती, म्हणून मिरजेच्या त्या दवाखान्यात सगळे त्याला नुसतं ‘नाक’ म्हणत. नाक तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत होतं आणि ते सांभाळायला शालन मगदूम होती. वय त्रेचाळीस, नोकरीला एकवीस वर्षं, आणि स्वभाव असा, की दुसऱ्याने पुसलेलं टेबल ती पुन्हा एकदा पुसायची.

पेशंटने पिशवीत फुंकर मारायची, शालनने ती पिशवी नाकाला जोडायची, की दोन मिनिटांत पडद्यावर रेघा उभ्या राहायच्या. माणसाच्या श्वासात शेकडो तऱ्हेच्या वाफा असतात. खाल्लेल्या लसणाची, चढलेल्या साखरेची, दमलेल्या यकृताची. शरीर आवराआवर करायला लागलं की त्यात आणखी एक वाफ येते, आणि ती शेवटच्या दिवसाच्या साधारण चाळीस दिवस आधी येते, हा शोध लागून आता सहा वर्षं झाली होती. तिची रेघ तेरा मिलिसेकंदांवर उभी राहायची. दवाखान्यातली माणसं मुळातच निबर. ती म्हणायची, “अमक्याचं तेरा आलं.” शालनला ते बोलणं आवडायचं नाही, पण रेघ तेरावरच येते त्याला ती तरी काय करणार?

नाकाने एक भलं केलं होतं, ते नाकारून चालणार नाही. पूर्वी शेवटच्या महिन्यात म्हाताऱ्या माणसाला नळ्या-सुयांनी बांधून ठेवायचे आणि घरच्यांना काचेतून बघायला लावायचे. आता तेरा आलं, की लोक आपलं माणूस घरी न्यायचे, लांबच्या मुलांना बोलवायचे, भांडणं मिटवायचे. शालनने अशी कितीतरी कुटुंबं पाहिली होती. तिला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

आत घडायचं ते असं. वाफेच्या कणांना विजेचा भार द्यायचा, म्हणजे त्यांचे आयन होतात. ते वीतभर लांबीच्या नळीत सोडायचे. पलीकडच्या टोकाला विजेची ओढ असते आणि मधे स्वच्छ, कोरडी हवा भरलेली असते. ओढ पुढे खेचते, हवा अडवते. आटोपशीर आयन लवकर पोचतो, ऐसपैस अंगाचा उशिरा. कोण किती वेळात पोचला, त्यावरून तो कोण हे ओळखायचं. सगळी मदार त्या हवेवर. तिच्यात दुसऱ्या कशाची वाफ मिसळली, अगदी अब्जात चार-दोन कण, तरी ते कण आयनांना चिकटतात. एकटा माणूस बाजारातून पाच मिनिटांत बाहेर पडतो. ओळखीचे भेटत गेले, हाताला धरून चालू लागले, की त्यालाच अर्धा तास लागतो. माणूस तोच, पोचायची वेळ मात्र निराळी.

हे सगळं शालनला यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकापेक्षा सासऱ्यांनी जास्त चांगलं समजावलं होतं. बाबगोंडा मगदूम, घरातले आणि गल्लीतले आण्णा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेहतीस हंगाम त्यांनी रसातली साखर मोजली होती.

“आधी कोरं माप घ्यायचं गं,” ते सांगायचे. “रसाची नळी लावायच्या आधी नुसत्या पाण्याची लावायची. पाण्यात साखर दिसली, तर दोष उसाचा न्हाई, आपला हाय.”

शालन रोज सकाळी आठला कोरं माप घ्यायची, म्हणजे रिकामी हवा सोडून पडदा रिकामा येतो का ते बघायची. नाक आल्यापासून तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं.

खंडेनवमीला दवाखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा झाली. क्ष-किरणाच्या यंत्राला झेंडूची माळ, रक्त तपासायच्या यंत्राला हळदकुंकू. शालनने नाकासमोर कापूर लावला, हात जोडले, आणि कापराच्या उरलेल्या चार वड्या कागदाच्या पुडीत बांधून नाकाखालच्या कप्प्यात टाकल्या. झुरळं लागत नाहीत, असं आईने सांगितलेलं तिच्या डोक्यात होतं. हवा आत ओढायचं नाकाचं भोक त्या कप्प्याच्या बरोबर वर होतं. पुढचे दोन दिवस खोलीला कापराचा वास येत होता, मग नाकाला सवय झाली, म्हणजे शालनच्या.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आण्णा दुपारी अडीच वाजता तिचा विसरलेला चष्मा घेऊन आले. शहात्तर वर्षांचा माणूस, बाजारापर्यंत सायकल मारणारा. वीजबचतीसाठी दुपारी बारा ते पाच एसी बंद असायचा आणि खोली तापलेली होती.

“बघू की तुझं यंत्र,” आण्णा म्हणाले. “मी पण एकदा फुंकतो.”

“नको आण्णा. ते काय खेळणं आहे?”

“अगं, तेहतीस वर्षं दुसऱ्याचा रस मोजला. एकदा आपला मोजू दे.”

शालन हसली आणि तिने पिशवी पुढे केली. ते हसणं तिला पुढे फार दिवस आठवलं. पडद्यावर रेघा उठू लागल्या आणि तेरावर एक सरळ, उंच रेघ उभी राहिली. तिने पटकन पडदा वळवला. पण आलेख वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला तेवढी झलक पुरली होती.

“तेरा,” आण्णा म्हणाले. चष्म्याची डबी त्यांनी टेबलावर नीट, कडेला समांतर ठेवली. “कोरं माप घेतलं होतंस?”

“सकाळी घेतलं होतं.”

“मग झालं.”

घरी शालनचा नवरा सन्मती कडाडला. “तुला कुणी सांगितलं होतं फुंकायला लावायला?” नंतर तो आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. आण्णांनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांनी चार जाणत्यांना विचारलं, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून हात जोडून क्षमा मागितली, आणि सल्लेखनेचा निर्णय सांगितला. मरण दाराशी आलं असेल, तर जैन माणसाला आहार एकेक पायरीने कमी करत शांतपणे निरोप घेता येतो; त्यांच्या आईने तसाच घेतला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी धान्य सोडलं. दुसऱ्यात दूध सोडून ते ताकावर आले. सूर्य मावळायच्या आत सगळे जेवायला बसत आणि आण्णा ताकाची वाटी घेऊन त्यांच्यातच बसत. शालन भाकरीचा तुकडा मोडून तसाच पानात ठेवायची.

दवाखान्यातही काहीतरी बिनसलं होतं. वसुबारसेच्या दुपारी एक फौजदार आले. पन्नाशीचा दांडगा गडी, हर्नियाच्या ऑपरेशनआधीची तपासणी म्हणून आलेला. त्यांचंही तेरा आलं. “संध्याकाळी येतो रिपोर्टला,” म्हणून ते शीळ घालत गेले. शालन त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने दसऱ्यापासूनच्या नोंदी उघडल्या.

सकाळच्या माणसांच्या रेघा नेहमीसारख्या होत्या. एक वाजल्यानंतर आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं तेरा होतं. आण्णा धरून एकोणीस माणसं. सकाळी येणारी जगणार होती आणि दुपारी येणारी सगळी जाणार होती.

तिने एक पिशवी घेतली, स्वतः फुंकली आणि जोडली. पावणेतीन वाजले होते.

तेरा.

तिने त्या रेघेवर विश्वास ठेवला. मोजून पाच मिनिटं असतील, पण त्या पाच मिनिटांत तिने सगळं खरं मानलं. सकाळी भाजीला मीठ कमी वाटलं होतं ते आठवलं, महिनाभर केस गळत होते ते आठवलं. मुलीचं बारावीचं वर्ष, सन्मतीला साधा वरणभात येत नाही, सगळं एका ओळीत समोर आलं. तारीख लिहून ठेवावी म्हणून पेन घ्यायला तिने कप्पा उघडला, आणि हाताला ती पुडी लागली. चार वड्यांच्या जागी तांदळाच्या कण्यांएवढे दाणे उरले होते.

कापूर ठेवल्या जागी विरत जातो आणि उन्हात जास्तच विरतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. शालनने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि आता तिला तेरावरची रेघ दिसण्याऐवजी अकरावरची न दिसणारी रेघ दिसली. चाळिशीनंतर जवळजवळ प्रत्येकाच्या श्वासात एक निरुपद्रवी वाफ असते, तिची रेघ अकरावर येते. त्या एकोणीस जणांपैकी एकाच्याही आलेखात अकरा नव्हतं. अकराच्या आयनांना कापराने हाताला धरलं होतं आणि ते बिचारे आयन उशिरा, तेरावर पोचत होते.

मग यंत्राने स्वतःची चूक का ओळखली नाही? नाक दर तासाला एक खुणेचा आयन सोडून आपली वेळ ताडून बघायचं. पण त्या आयनाचा भार मधोमध असतो आणि चारही बाजूंनी त्याच्याच हातापायांनी झाकलेला असतो. त्याला कापूर धरणार कुठून? कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही, तो आपला ठरल्या वेळेला पोचायचा. यंत्र म्हणायचं, सगळं ठीक.

शालन पुडी मुठीत घेऊन घरी धावली.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. कण्या तळहातावर घेतल्या, हुंगल्या. त्यांचे गाल बसले होते, पण डोळे तेच होते.

“चूक माझी पण हाय,” ते म्हणाले. “कोरं माप सकाळी एकदा घेऊन भागत न्हाई. ऊन बदललं की परत घ्यायचं. कारखान्यात आम्ही तसंच करायचो. तुला सांगायचं राहिलं.”

“आण्णा, आता जेवा,” शालन रडत म्हणाली. “माझ्यासाठी जेवा.”

“तुझ्यासाठी कशाला? मरण जवळ आलंय म्हणून व्रत घेतलं. ते आलंच न्हाई म्हणताना ते व्रत न्हवं, हट्ट झाला.” त्यांनी त्याच चार जाणत्यांना निरोप धाडला, रीतसर व्रत सोडलं आणि मुगाचं पाणी घेतलं. सन्मती दारात उभा होता. तो आत आला आणि त्याने चौदा दिवसांत पहिल्यांदा शालनच्या खांद्यावर हात ठेवला.

नाकाची गाळणी बदलली, कप्पा धुतला, एसी दिवसभर चालू राहिला. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर तांबोळी भला माणूस. त्यांनी चूक झाकली नाही. एकोणीसपैकी चौदा जणांना निकाल सांगितला गेला होता. त्या चौदांच्या घरी त्यांनी स्वतः फोन केले, चूक कबूल केली, माफी मागितली. उरलेले पाच रिपोर्ट न्यायला आलेच नव्हते किंवा त्यांना काही कळायच्या आत चूक सापडली होती. त्यांना उगाच कशाला घाबरवायचं, म्हणून काही सांगितलं नाही. आण्णांचा श्वास स्वच्छ हवेत पुन्हा तपासला. अकरा जागेवर, तेरा कोरं.

दिवाळीला आण्णांनी मंदिरात चढवलेल्या निर्वाण लाडवाचा एक तुकडा खाल्ला आणि शालनने सुटकेचा श्वास सोडला. पण दुसऱ्या दिवशी पानावर बसल्यावर ते घास चावत राहिले, चावत राहिले.

“काय झालं, आण्णा?”

“काय न्हाई गं. चव येईना.”

“मीठ देऊ?”

“मिठाचं न्हाई ते,” आण्णा म्हणाले.

ते खायचे. हट्टाने, औषधासारखं खायचे. वजन मात्र उतरत गेलं. तांबोळींनी रक्त तपासलं, पोट तपासलं, काही सापडलं नाही. पहिल्या फुंकरीपासून पंचविसाव्या दिवशी शालनने त्यांची पिशवी नाकाला लावली. कोरं माप तिने त्याच्या आधी घेतलं आणि नंतरही घेतलं. अकरा जागेवर होतं. तेरावर एक बारीकशी रेघ उगवली होती.

तिने ती कुणाला सांगितली नाही. रोज सकाळी ती पिशवी नेत होती आणि रोज रेघ तांदळाएवढी वाढत होती. आण्णा विचारायचे नाहीत. फक्त ती घरी आल्यावर तिच्या तोंडाकडे एकदा बघायचे, आणि तिच्या तोंडावर त्यांना आलेख दिसत असणार.

“मनातनं काढून टाका की आण्णा, तो आकडा,” एकदा ती न राहवून म्हणाली.

“काढला गं. मनातनं कधीच काढला.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “ह्याला कोण सांगणार? ह्याला एकदा तारीख कळली.”

चाळिसाव्या दिवशी सकाळी सायकलीला हवा भरता भरता ते पायरीवर बसले, आणि बसल्या जागीच गेले. मोजणी त्या खोट्या रेघेपासून होती, आणि एका दिवसाचाही फरक पडला नाही.

बारा दिवसांनी शालन कामावर गेली. टेबलावर यंत्राच्या कंपनीचं पत्र होतं. भाषा गोड होती. आपल्या केंद्रात रद्द म्हणून नोंदवलेल्या निकालांपैकी नऊ प्रत्यक्षात बरोबर ठरले असून ते ‘अचूक’ या रकान्यात घ्यावेत, म्हणजे केंद्राची टक्केवारी सुधारेल, असं त्यात लिहिलं होतं.

ती पत्र घेऊन तांबोळींकडे गेली. “नऊ, सर. चौदातले नऊ. सगळे चाळिसाच्या आत. चूक होती हे सांगून सुद्धा.”

“शालनताई, आजारी माणसं होती ती.”

“आण्णा आजारी नव्हते.”

तांबोळींनी चष्मा काढून डोळे चोळले. “वय होतं,” ते म्हणाले, आणि त्यांचाच त्यावर विश्वास बसला नाही हे तिला दिसलं.

“आणि उरलेले पाच? ज्यांना आपण काहीच सांगितलं नाही?”

त्याचं उत्तर तिने दुसऱ्या दिवशी स्वतः शोधलं. फौजदार चौकात वाहतूक हाकत होते. दुसरे तिघे फोनवर खणखणीत बोलले. पाचव्या आनसाबाई, भाजीवाल्या, त्यांचा नंबर चुकीचा लागत होता, म्हणून शालन दुपारी कामातून वेळ काढून मंडईत गेली. आनसाबाई पालेभाजीच्या ढिगामागे बसून शेजारणीशी तावातावाने भांडत होत्या.

“आनसाबाई, ओळखलंत का? दवाखान्यातली. फुंकायला लावलं होतं बघा.”

“व्हय की! अगं बाई, ते कागूद न्यायचंच ऱ्हायलं बघ.” त्या मोठ्याने हसल्या. “काय निघालं हुतं त्यात?”

शालनने त्यांच्याकडे पाहिलं. दाताला मिश्री, कपाळावर आडवं मोठं कुंकू, मेथीच्या मातीने काळे झालेले हात.

“काही नाही,” ती म्हणाली. “कोरं निघालं.”

“मला ठावंच हुतं. घे, जुडी घे. ताजी हाय.”

मेथीची जुडी घेऊन ती दवाखान्यात परत आली. खोलीत कुणी नव्हतं. त्या वसुबारसेच्या दुपारी पावणेतीन वाजता आपण स्वतः फुंकलं होतं, हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, सन्मतीलाही नाही. ती रेघ कापराची होती. हे या दवाखान्यात तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. आज एकोणचाळिसावा दिवस होता.

तिने कोरं माप घेतलं. पडदा स्वच्छ आला. मग पिशवीत फुंकर मारली आणि ती नाकाला जोडली. बटणावर बोट ठेवलं. नुसतं अकरा आलं तर सुटले. आणि तेरावर तांदळाएवढं काही उगवलेलं असलं तर? ते बघितल्यावर ते पुसता येणार नव्हतं. तिला आण्णांची पायरी दिसली, आणि आनसाबाईंचं हसू दिसलं. बोट बटणावरच होतं.

तिने पिशवी नाकापासून सोडवली आणि पिशवीच्या तोंडाची खीळ उघडली. तिचा श्वास फुस्स करून खोलीत निघून गेला.

घरी पोचली तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर गेलं होतं. सन्मतीने कुकर लावून ठेवला होता. या महिन्यात तो वरणभात शिकला होता. शालनने मेथी निवडली, फोडणीला टाकली, दोन भाकऱ्या थापल्या.

“चल, बस लवकर,” सन्मती म्हणाला. “सूर्य चाललाय.”

पान वाढलं होतं. आण्णांच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. बाहेर उजेड तांबूस झाला होता आणि अजून थोडा उरला होता. शालनने भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मेथीची भाजी घेतली आणि घास तोंडात घातला. मग ती सावकाश चावत राहिली, आणि चव येते का याची वाट बघत राहिली.